माळा खालून पाहावा

देशावरच्या वाड्यांत धान्यासाठी पेव असे, बळद असे. कर्जत-खालापूरच्या घरांत जमिनीखाली धान्य ठेवण्याची सोय पावसाने कधीच होऊ दिली नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस ज्या भूमीवर पडतो, तेथे जपून ठेवायचे ते सारे वरच जाते. भाताची कणगी, बियाण्याची पोती, लाकूडफाटा, लग्नातली भांडी आणि दस्तऐवजाची पेटी ही सर्व माळ्याची संपत्ती. उल्हास, पेज आणि पाताळगंगा या नद्या आषाढ-श्रावणात पात्राबाहेर येतात तेव्हा माळ्याचे मोल अधिकच कळते. २६ जुलै २००५ चा महापूर आणि जुलै २०२१ चा पूर ज्यांनी पाहिला, त्यांना हे समजावून सांगण्याचे कारण नाही.

आमच्या निवासी शाळेची जुनी इमारतही या रीतीला अपवाद नव्हती. दगडी भिंती, ऐनाच्या कड्या, त्यांवर फळ्यांचा कडीपाट आणि वर कौले. कडीपाटावर काय काय चढत गेले याची नोंद कोणी ठेवली नाही. प्रथम मुलांच्या पत्र्याच्या पेट्या गेल्या, नंतर जुनी हजेरीपत्रके व ग्रंथालयातून बाद झालेली पुस्तके गेली. पुराच्या भयाने भोजनगृहातील तांदळाची पोतीही गेली. यांखेरीज तेथे आणखी एक वस्तू होती, जिचे मोल आम्हांस सर्वांत अधिक वाटते. कातकरी वाड्यांतील अनेक पालक दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. मागे राहिलेल्या घरास नीट दार नसते. शिधापत्रिका, जातीचा दाखला, मुलांचे जन्मदाखले हे कागद ते पिशवीत बांधून आमच्या स्वाधीन करतात. त्या पिशव्याही माळ्यावरच्या एका पेटीत होत्या.

या माळ्याने आम्हांस जो धडा दिला, तो स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावा असे वाटले. आमचे बहुतेक माजी विद्यार्थी आज स्वतःची घरे बांधीत आहेत वा जुनी घरे दुरुस्त करीत आहेत, आणि प्रत्येक घरात माळा आहे.

त्या वर्षी श्रावणात धाकट्या मुलींच्या खोलीतून एक तक्रार वारंवार येऊ लागली. "बाई, मच्छरदाणी पायाला लागते." मच्छरदाण्यांच्या दोऱ्या वरच्या कड्यांना बांधलेल्या होत्या. मुली दोऱ्या सैल बांधतात असे समजून आम्ही त्यांना पुन्हा बांधावयास लावले. एकदा नव्हे, तीनदा. चौथ्या वेळी दोरीकडे न पाहता आम्ही कडीकडे पाहिले. भिंतीपासून भिंतीपर्यंत सूत ताणून धरले तेव्हा मधली कडी सुताखाली दीड इंच उतरलेली आढळली. दोऱ्या सैल नव्हत्या, छप्परच मुलींकडे येत होते. वर त्याच जागी तांदळाची चाळीस पोती चार थरांत रचलेली होती.

मुलींना त्याच संध्याकाळी भोजनगृहात हलविले आणि रात्री अकरापर्यंत पोती उतरविली. दुसऱ्या दिवशी गावातील वृद्ध सुतारकाका आले. कडीवर हात फिरवून ते म्हणाले, "गुरुजी, लाकूड मोडताना सांगत नाही, पण वाकताना सांगतं. ऐकणारा पाहिजे." मुलींनी ते ऐकले होते, आम्ही ऐकले नव्हते.

विनयपिटकाच्या पाचित्तिय नियमांपैकी अठरावा नियम नेमका माळ्याविषयी आहे, हे आम्हांस त्या दिवसांत आठवले. त्याची निदानकथा अशी : श्रावस्ती येथील एका विहारात दोन भिक्खू राहत होते, एक माळ्यावर आणि एक खाली. वरचा भिक्खू सुट्या पायांच्या मंचकावर एकाएकी बसला. मंचकाचा पाय निखळला आणि फटीतून पडून खालच्या भिक्खूच्या डोक्यास लागला. तेव्हा माळ्यावर सुट्या पायांच्या मंचकावर बसू अथवा निजू नये असा नियम झाला. त्यास दिलेले अपवाद तर एखाद्या स्थापत्यकाराने लिहावेत असे आहेत. माळ्याखालच्या जागेचा वापर नसेल, वर फळ्या पक्क्या जडविलेल्या असतील अथवा मंचकाच्या पायांत खुंटी ठोकलेली असेल, तर दोष नाही. नियमाचा रोख स्पष्ट आहे. वर काय करावयाचे हे खाली कोण आहे यावरून ठरवावे. माळ्याविषयी जे काही शास्त्र आम्ही पुढे शिकलो, ते या एका वाक्याचाच विस्तार आहे.

पहिली गोष्ट अशी की कडीपाट आणि जमीन या दोन भिन्न वस्तू आहेत. खोलीस वरून झाकण असावे, कौलांतून गळणारी धूळ अडावी आणि थोडा हलका पसारा ठेवता यावा, एवढ्याचसाठी अनेक जुने कडीपाट घातलेले असतात. कालांतराने आपण त्यावर कोठार मांडतो आणि कडीला त्याची कल्पनाही देत नाही. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात (१९८७) निरनिराळ्या जागांसाठी किती भार गृहीत धरावा हे दिले आहे. वसतिगृहाच्या झोपण्याच्या खोलीच्या जमिनीस दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो, कोठीच्या खोलीस सुमारे ५०० किलो आणि ग्रंथालयातील पुस्तकांच्या दालनास सुमारे ६०० किलो. म्हणजे कोठी ही निजण्याच्या खोलीच्या अडीच पट जड असते आणि ग्रंथालय त्याहूनही जड.

हे आकडे आपल्या वस्तूंवर लावून पाहावेत. पन्नास किलोचे तांदळाचे पोते आडवे टाकले तर साधारण अर्धा चौरस मीटर जागा व्यापते. पोत्यांचा एक थर म्हणजे चौरस मीटरला सुमारे शंभर किलो. दोन थरांत निजण्याच्या खोलीची मर्यादा संपते. आमचे चार थर होते, म्हणजे सुमारे चारशे किलो. आणि खालची रचना तर जमिनीचीही नव्हती, केवळ कडीपाटाची होती. चाळीस पोती म्हणजे दोन टन. एवढे वजन आम्ही एकदम कधीच चढविले नसते, परंतु एकेक पोते पाठीवरून जात असल्यामुळे ते कधी दोन टन झाले हे कोणाच्याच ध्यानात आले नाही.

दुसरी गोष्ट गाळ्याची. दोन आधारांमधील मोकळे अंतर म्हणजे गाळा. गाळा दुप्पट झाला आणि चौरस फुटाला भार तोच राहिला, तर कडीवरचा ताण चौपट होतो आणि तिचे लवणे सोळा पट होते. हेच उलट वाचले तर उपाय सापडतो. गाळ्याच्या मध्यावर आधार दिला की लवणे सोळाव्या हिश्श्यावर येते. कडी किती लवली तर चालेल याचाही दंडक आहे. लाकूडकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे सर्वसाधारण कडीचे लवणे गाळ्याच्या दोनशेचाळिसाव्या भागापेक्षा अधिक नसावे. आमचा गाळा दहा फुटांचा, म्हणजे १२० इंचांचा. त्यास अर्धा इंच चालला असता. आमची कडी त्याच्या तिप्पट उतरली होती.

तिसरी गोष्ट उंचीची, आणि ती समजण्यासाठी आमच्या तालुक्याबाहेर जावे लागत नाही. राजमाचीच्या पायथ्याशी, कोंदिवडे गावाच्या वर, कोंढाण्याची लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या काळातील ही बौद्ध लेणी अखंड खडकात कोरलेली असली, तरी विहाराचे छत लाकडी घराच्या छतासारखे कोरलेले आहे. खडकाला तुळईची गरज नसते. तरीही कोरणाऱ्यांनी तुळया कोरल्या, त्यांवर वासे कोरले, कारण त्यांच्या हातांना लाकडी घरांची सवय होती. या दगडी तुळयांचे जुने मोजमाप सुमारे १९ इंच उंच आणि ८ इंच जाड असे आहे. म्हणजे तुळई आडवी निजविलेली नसून धारेवर उभी केलेली आहे. चैत्यगृहाजवळच्या लेखात कण्हाचा शिष्य बलक याचे नाव कर्ता म्हणून आलेले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुतारास जे ठाऊक होते ते त्या छतात आजही वाचता येते.

त्याचे गणित सोपे आहे. कडीचा ताठपणा तिच्या जाडीच्या पटीत वाढतो, परंतु उंचीच्या घनाच्या पटीत वाढतो. आमच्या जुन्या कड्या ३ इंच जाड व ४ इंच उंच होत्या. ३ गुणिले ४ गुणिले ४ गुणिले ४ म्हणजे १९२. आता २ इंच जाड व ६ इंच उंच कडी घ्यावी. २ गुणिले ६ गुणिले ६ गुणिले ६ म्हणजे ४३२. दोन्हींत लाकूड सारखेच, छेद बारा चौरस इंचांचाच. तरी दुसरी पहिलीपेक्षा सव्वादोन पट ताठ. आठवीच्या मुलांना हे फळ्यावर करून दाखविले तेव्हा एकाने पट्टी आधी आडवी धरून वाकविली, मग धारेवर उभी धरून वाकविण्याचा प्रयत्न केला, आणि पुढचे स्पष्टीकरण देण्याची गरज उरली नाही.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. पहिले पाऊल माळा पूर्ण रिकामा करण्याचे. भाराखाली लवलेल्या कडीला जोड दिली तर ती जोड लवलेल्या स्थितीतच पक्की होते आणि पुढचाच भार वाहते. माळा रिकामा केल्यानंतर कड्या अर्धा इंच आपोआप वर आल्या. उरलेला बाक स्क्रू जॅक लावून रोज थोडा थोडा, आठवडाभरात काढला. एका दिवसात रेटले असते तर जुने लाकूड तडकले असते. जो शेवटचा थोडा बाक लाकडात मुरलेला होता, तो तसाच राहू दिला.

दुसरे पाऊल टोकांची परीक्षा. कडी मध्यावर वाकते, परंतु कुजते ती भिंतीत. आमच्या पावसात दगडी भिंत चार महिने ओली राहते आणि भिंतीत शिरलेले कडीचे टोक ती ओल पीत राहते. सुतारकाकांनी प्रत्येक टोकावर हातोडीने ठोकले. खणखणीत आवाज आला ते लाकूड जिवंत, बद्द आवाज आला ते पोकळ. संशयाच्या जागी त्यांनी पटाशीचे टोक दाबून पाहिले. दोन कड्यांत ते बोटभर आत गेले आणि एकीच्या पोटात वाळवीची माती निघाली. त्या दोन्ही काढून टाकल्या. कुजलेल्या कडीस जोड देणे म्हणजे आजाऱ्याच्या खांद्यावर ओझे देण्यासारखे आहे.

यानंतर आम्ही माळ्याचे दोन भाग केले आणि दोहोंना निराळा उपाय योजला. मुलींच्या खोलीवरचा भाग हलक्या सामानाचा ठरविला. तेथे मध्ये खांब उभे करणे सोयीचे नव्हते, म्हणून प्रत्येक जुन्या कडीच्या कुशीत २ बाय ६ ची नवी कडी धारेवर उभी करून जोडली. नवी कडी पूर्ण लांबीची घेतली. मध्येच तुकडा ठोकला तर भार त्या तुकड्याच्या टोकाशी जुन्याच कडीवर येऊन पडतो. नवी कडी दोन्ही भिंतींत किमान चार इंच टेकली पाहिजे. तिची उंची जुनीपेक्षा दोन इंच अधिक असल्याने भिंतीतील कोनाडा तेवढा खाली खोदून तळाशी सपाट दगड बसविला. टोकांना बोरिक द्रावण लावले आणि भोवती वारा खेळण्यास बोटभर जागा सोडली. दोन्ही कड्या दर दीड फुटावर आरपार बोल्ट व मोठी वायसर घालून आवळल्या. खिळ्यांवर भागविले नाही, कारण ओलसर हवेत खिळा गंजतो आणि सुकलेल्या लाकडात सैल होतो. बोल्टची भोके कडीच्या उंचीच्या मध्यावर पाडली. कडीचा खालचा काठ ताणाखाली असतो, त्यामुळे तेथे मधल्या भागात खाच अथवा भोक कधीही घेऊ नये. विजेची तार नेण्यासाठी पूर्वी कोणी अशी खाच पाडली होती, आणि सर्वांत अधिक लवलेली कडी तीच होती.

जड सामानाचा भाग कोठीच्या वर घेतला, जेथे खाली कोणी निजत नाही. तेथे कड्यांच्या मध्याखालून, त्यांच्याशी काटकोनात, ४ इंच जाड व ७ इंच उंच अशी तुळई घातली आणि सहा-सहा फुटांवर खांब दिले. दहा फुटांचा गाळा पाच फुटांचा झाला. पाच फुटांच्या गाळ्यावर जुन्याच ऐनाच्या कड्या कोठीचा भार वाहू शकतात. मात्र भार नाहीसा होत नाही, तो केवळ जागा बदलतो. माळा भरला की एकेका खांबावर दीड-दोन टन येतात. तो खांब लादीवर उभा केला असता तर लादी फुटून खांब खचला असता आणि तुळई निरुपयोगी ठरली असती. म्हणून प्रत्येक खांबाखाली घट्ट मुरूम लागेपर्यंत खोदून काँक्रीटचा पाया भरला आणि खांब जमिनीच्या ओलीपासून दूर राहावा म्हणून दगडी उथाळ्यावर उभा केला. भार कडीवरून तुळईवर, तुळईवरून खांबावर, खांबावरून भूमीवर असा अखंड उतरला पाहिजे. या मार्गात एक दुवा कच्चा असेल, तर बाकीचे सारे बळकट असून उपयोग नाही.

शेवटी कड्यांच्या मधे त्याच उंचीचे आडवे ठोकळे बसविले. उंच व अरुंद कडी भाराखाली कुशीवर कलंडू पाहते. ठोकळ्यांमुळे ती उभी राहते आणि एकीवरचा भार शेजारणीलाही थोडा वाटला जातो. वर सव्वा इंची फळ्या फट न ठेवता स्क्रूने जडविल्या. फटीतून खाली काही पडू नये, हा त्या जुन्या नियमातील अपवाद येथे आम्ही शब्दशः पाळला.

मोजमाप ठरविण्यापूर्वी आम्ही स्थापत्य अभियंत्याकडून आकडे तपासून घेतले होते, आणि ज्यांच्या माळ्याखाली माणसे राहतात त्या प्रत्येकाने तसे करावे. वर दिलेली मापे आमच्या दहा फुटांच्या गाळ्याची, दोन-दोन फुटांवरच्या कड्यांची आणि निरोगी ऐनाच्या लाकडाची आहेत. गाळा बारा फुटांचा झाला तर लवणे दुपटीहून अधिक होते. दुसऱ्याचे माप आपल्या घरास लावू नये. शेजाऱ्याच्या घरापासून घ्यावयाची ती पद्धत.

माळा बळकट झाला तरी तो कसा भरावा याची शिस्त उरतेच. जड वस्तू भिंतीलगत ठेवाव्यात, मध्यावर नव्हे. भिंतीजवळचा भार कडीला फारसा वाकवीत नाही. पोती दोन थरांपेक्षा अधिक उंच रचू नयेत. आमच्या कोठीवर चार थर पेलतील असे गणित सांगते, तरी दोनच रचतो, कारण गणित करणारे आम्ही आणि पोती चढविणारे वेगळे. पुस्तकांचे कपाट दिसते त्याहून फार जड असते. तीन फूट रुंद व पाच खणांचे भरलेले कपाट दीडशे किलोच्या आसपास जाते आणि तो सारा भार चार पायांखाली एकवटतो. त्यामुळे पुस्तके आम्ही खालीच, उंच ओट्यावर आणली. पाण्याची टाकी माळ्यावर कदापि ठेवू नये. पाचशे लिटर पाणी म्हणजे अर्धा टन. पोत्यांखाली लाकडी जाळी असावी आणि भिंतीपासून वीतभर अंतर असावे, म्हणजे हवा खेळते व उंदीर दिसतो. पूर्वी चुलीचा धूर माळ्यावर फिरे आणि धान्याला कीड लागू देत नसे. आता गॅस आला, धूर गेला, त्यामुळे पावसाळ्यापूर्वी कडक उन्हात माळा उघडून झाडणे क्रमप्राप्त झाले आहे.

शिडीच्या पायथ्याशी आता एक फळा टांगलेला आहे. त्यावर दोनच रकाने आहेत : वर काय गेले, खाली काय आले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन मुली भिंतीपासून भिंतीपर्यंत सूत ताणून कडी मोजतात आणि तो आकडाही तेथे लिहितात. हे काम आम्ही मुद्दाम त्याच खोलीतील मुलींकडे दिले आहे. माळ्याची पहिली बातमी त्यांनाच लागली होती.

वीटभट्टीवरून परतलेले पालक ज्येष्ठात आपापल्या पिशव्या न्यावयास येतात. मागील वर्षी एका मातेने पिशवी उघडून कागद एकेक मोजले, पुन्हा बांधले आणि पिशवी परत आमच्या हाती दिली. पाऊस तोंडावर होता, आणि घरावर कौले अजून चढावयाची होती. पिशवी माळ्यावर गेली. त्या रात्री त्यांची मुलगी त्याच माळ्याखाली निजली, आणि तिच्या मच्छरदाणीच्या दोऱ्या ताठ होत्या.